महामारीत मन का आवरत नव्हतं?

कुठेतरी नवा विषाणू सापडल्याची बातमी येते. तो अजून हजारो मैल दूर असतो, त्याचं नावही तोंडात बसलेलं नसतं, तरी पोटात गोळा येतो. कुणी ती बातमी लगेच बंद करतं, कुणी रात्री दोनपर्यंत तीच वाचत बसतं. कुणाला घरच्यांवर विनाकारण ओरडून झाल्यावर लक्षात येतं, की आपण सकाळपासून धास्तावलेलो आहोत. कोविडची साथ अनुभवलेल्या कितीतरी माणसांना असं होतं, आणि त्यातल्या अनेकांना त्याची लाज वाटते. ‘मी आधी असा नव्हतो’ हे वाक्य मी इतक्यांच्या तोंडून ऐकलं आहे, की याचं उत्तर नीट मांडून लिहावं असं वाटलं.

उत्तराचा गाभा आधीच सांगतो. महामारीत भीती, दुःख, राग वाढले हे सगळ्यांना दिसलं. पण या भावना रोजच्या रोज ज्या वाटांनी निचरून जातात, त्या वाटाही महामारीने बंद केल्या, याबद्दल फारसं कुणी बोललं नाही. धो धो पाऊस पडला आणि नेमके त्याच दिवशी नाले बुजवले, तर घरात पाणी शिरणारच. त्यासाठी घराच्या भिंतींना बोल लावण्यात अर्थ नसतो.

## आधी ‘सावरणं’ म्हणजे काय ते पाहू

राग गिळणं, रडू आवरणं, मन रमवणं, मनाची समजूत घालणं, मन मोकळं करणं. या एका कामासाठी आपल्या भाषेत किती शब्द आहेत पाहा. मानसशास्त्रात या सगळ्याला मिळून ‘भावनिक नियमन’ म्हणतात. कोणती भावना यावी, किती जोराने यावी, किती वेळ टिकावी आणि बाहेर कशी दिसावी, यावर आपण कळत-नकळत जो ताबा ठेवतो, ते भावनिक नियमन. पुढे मी त्याला सरळ ‘सावरणं’च म्हणेन.

सावरणं म्हणजे भावना मारून टाकणं नव्हे. भीती वाटली नसती तर साथीत कुणी हात धुतले नसते. राग आला नसता तर ढिसाळ कारभाराला कुणी जाब विचारला नसता. रेडिओचा आवाज वेळप्रसंग पाहून कमी-जास्त करावा, तसं हे काम आहे. रेडिओ फोडून टाकला तर शांतता होते, पण मग कामाची बातमीही ऐकू येत नाही.

मेंदूत हे काम कसं चालतं, तेवढं दोन मिनिटांत पाहू. मेंदूच्या आत बदामाएवढा एक भाग आहे, अमिग्डाला. धोका वाटला की तो क्षणात घंटा वाजवतो. छाती धडधडते, तळहातांना घाम सुटतो, ॲड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरकं रक्तात उतरतात. कपाळामागचा भाग, म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, जरा सावकाश चालतो पण विचारी असतो. ‘थांब, तो साप नाही, दोर आहे’ हे तो सांगतो, आणि घंटा शांत होते. (मेंदूचं काम प्रत्यक्षात इतक्या स्वच्छ दोन खोल्यांत वाटलेलं नाही, पण समजण्यापुरतं हे चित्र पुरे.)

खरी अडचण पुढे आहे. ताण फार वाढला किंवा फार दिवस टिकला की, तणावाची रसायनं या कपाळामागच्या भागाचंच काम मंदावतात. येल विद्यापीठाच्या एमी आर्नस्टेन यांनी अनेक वर्षं याच विषयावर संशोधन केलं आहे. म्हणजे विचारी भागाची गरज सर्वांत जास्त असते, नेमका तेव्हाच तो थकलेला असतो. साधा निर्णय घेता येत नाही, वाचलेलं डोक्यात शिरत नाही, लहानशा गोष्टीवर भडका उडतो. महामारीत असं झालेल्या कितीतरी लोकांना आपली बुद्धीच गंजली असं वाटत होतं.

## संकटापेक्षा अनिश्चितता जास्त का छळते?

२०१६ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. ४५ जणांना संगणकावर दगड दाखवले आणि प्रत्येक वेळी त्याखाली साप आहे की नाही हे ओळखायला सांगितलं. साप निघाला की हाताला विजेचा हलका पण दुखणारा झटका बसायचा. साप असण्याची शक्यता सतत बदलत ठेवली होती. घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या यांवरून ताण मोजला, शिवाय लोकांनाही विचारलं. झटका नक्की बसणार हे ठाऊक असताना लोक तुलनेने शांत होते. बसेल की नाही हे निम्मं-निम्मं असताना ताण सर्वांत जास्त होता.

हे वाचलं आणि मला महामारीचा प्रत्येक दिवस आठवला. दाराची प्रत्येक कडी, प्रत्येक शिंक, भेटायला आलेला प्रत्येक माणूस म्हणजे तो दगडच होता. खाली साप आहे की नाही, हे कळायला पाच-सात दिवस लागायचे. शिवाय हा खेळ कधी संपणार, हेही कुणी सांगू शकत नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेने ३० जानेवारी २०२० रोजी आंतरराष्ट्रीय आरोग्य आणीबाणी जाहीर केली, ११ मार्चला या साथीला महामारी म्हटलं, आणि ती आणीबाणी संपल्याचं सांगितलं ५ मे २०२३ रोजी. तीन वर्षांहून जास्त काळ.

आपली धोक्याची घंटा मुळात थोड्या वेळासाठी आहे. वाघ दिसला, पळालो, वाचलो, घंटा थांबली. तीच घंटा महिनोन् महिने वाजत राहिली तर शरीर झिजतं. झोप उडते, पचन बिघडतं, रक्तदाब वाढतो. भूकंपात किंवा पुरातही धोका मोठा असतो, पण त्यानंतर एक क्षण असा येतो की जमीन थांबते, पाणी उतरतं आणि माणसं एकमेकांकडे धावतात. साथीत तो क्षणच येत नव्हता. धावत जाऊन मिठी मारावी, तर त्या मिठीचीच भीती.

## पाच वाटा आणि त्यांचं काय झालं

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या जेम्स ग्रॉस यांनी १९९८ साली सावरण्याचा एक नकाशा मांडला. या विषयावरचं बरंच संशोधन आजही त्याच्या आधाराने चालतं. भावना टप्प्याटप्प्याने घडत जाते आणि प्रत्येक टप्प्यावर तिला वळण देता येतं, असं तो नकाशा सांगतो. त्यात पाच वाटा आहेत. महामारीने प्रत्येक वाटेचं काय केलं, हे पाहिल्याशिवाय आपली तेव्हाची चिडचिड समजणार नाही.

पहिली वाट प्रसंग निवडण्याची. जीव गुदमरतो तिथे जाणं टाळायचं, बरं वाटतं तिथे मुद्दाम जायचं. आपण हे दिवसभर करत असतो, फक्त त्याला नाव देत नाही. कामावरून लांबच्या रस्त्याने परतणं, नकोशा माणसाला चुकवणं, मैदानावर तासभर धावून येणं, हे सगळं त्यातच आलं. टाळेबंदीत ही वाट पहिल्याच दिवशी बंद झाली. घर सुखाचं होतं त्यांची नुसती गैरसोय झाली. घरातच मारहाण आणि धाक होता त्यांना मात्र आता पळायला जागाच उरली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या महिलांसाठीच्या संस्थेने २०२० मध्येच या घरगुती हिंसेला ‘सावलीतली महामारी’ म्हटलं होतं.

दुसरी वाट प्रसंग बदलण्याची. भांडण तापलं की दुसऱ्या खोलीत जावं, गोंगाट असेल तर दार लावून घ्यावं, काम झेपत नसेल तर मुदत वाढवून मागावी. पण कामाची बैठक, मुलांची शाळा आणि आजारी माणूस हे सगळं एकाच खोलीत असेल, तर कुठलं दार लावणार?

तिसरी वाट लक्ष वळवण्याची. खेळ पाहणं, गाणं लावणं, वेगळ्या विषयावर गप्पा मारणं. महामारीत विषयच एक होता. फोन त्याबद्दल, बातम्या त्याबद्दल, जेवताना बोलणंही त्याचंच. सतत बातम्या पाहिल्याने काय होतं, याचं चांगलं उदाहरण जुन्या एका घटनेतून मिळतं. २०१३ मध्ये बोस्टन मॅरेथॉनच्या वेळी बॉम्बस्फोट झाले. त्यानंतरच्या आठवड्यात रोज सहा किंवा त्याहून जास्त तास त्याच घटनेच्या बातम्या पाहिलेल्या लोकांमध्ये तीव्र तणावाची लक्षणं, स्फोटाच्या जागी प्रत्यक्ष असलेल्यांपेक्षाही जास्त आढळली. पडदा आपल्याला धोक्यापासून दूर ठेवतो असं वाटतं. घंटेला मात्र तो फरक फारसा कळत नाही.

चौथी वाट अर्थ बदलण्याची. प्रसंग तोच, पण त्याकडे वेगळ्या नजरेने पाहायचं. ‘मी कोंडला गेलोय’ ऐवजी ‘मी घरी थांबल्यामुळे कुणीतरी वाचतंय’. आणि पाचवी वाट, भावना उमटल्यानंतर तिला आवरण्याची. ओठ घट्ट मिटणं, दीर्घ श्वास घेणं, चेहऱ्यावर काही दिसू न देणं.

पहिल्या तिन्ही वाटांना बाहेरचं जग लागतं. रस्ता लागतो, दार लागतं, दुसरा विषय लागतो. ते जग बंद झाल्यावर पाच नाल्यांचं पाणी उरलेल्या दोन नाल्यांत लोटलं. हे दोन्ही डोक्याच्या आतले, आणि दोन्ही चालवायचे त्या कपाळामागच्या दमलेल्या भागाने. लोक तेव्हा सावरायला विसरले नव्हते. उलट ते इतका वेळ, इतक्या मेहनतीने आणि इतक्या थोड्या साधनांनिशी सावरत होते, की संध्याकाळपर्यंत त्यांच्यात काही उरत नव्हतं.

## सहावी वाट म्हणजे दुसरा माणूस

वरच्या यादीत मला एक गोष्ट कायम कमी वाटते. आपण एकट्याने फार कमी वेळा सावरतो. तान्हं बाळ तर स्वतःला शांत करूच शकत नाही. कुणीतरी उचलून घ्यावं, थोपटावं, तेव्हा कुठे त्याचा श्वास लयीत येतो. मोठेपणी आपण यातलं थोडं आतल्या आत करायला शिकतो, पण मूळ पद्धत तीच राहते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये १६ विवाहित स्त्रियांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये ठेवलं आणि पायाला विजेचा झटका बसू शकतो अशी सूचना दिली. एकट्या असताना मेंदूतले धोक्याशी संबंधित भाग जोरात पेटले. अनोळखी माणसाने हात धरल्यावर ते थोडे निवळले, नवऱ्याने हात धरल्यावर जास्त निवळले. ज्यांचा संसार अधिक सुखाचा होता, त्यांच्यात हा परिणाम अधिक होता. झटक्याचा धोका तोच होता, एक हात तेवढा वाढला होता.

आता याच्या उलट बाजू. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये लिव्हिया टोमोव्हा आणि रेबेका सॅक्स यांच्या गटाने ४० जणांना एके दिवशी दहा तास एकटं ठेवलं आणि दुसऱ्या एका दिवशी दहा तास उपाशी ठेवलं. मग त्यांना स्कॅनरमध्ये लोकांच्या सहवासाची आणि अन्नाची चित्रं दाखवली. उपाशी मेंदूचा जो भाग अन्नाच्या चित्राने जागा होत होता, तोच एकट्या मेंदूत माणसांच्या चित्राने जागा होत होता. प्रयोग महामारीच्या आधी केलेला होता, पण प्रसिद्ध झाला नेमका २०२० मध्ये. माणसांची भूक ही नुसती म्हणायची गोष्ट नाही, हे त्यातून दिसलं. त्यांनी दहा तासांत जे पाहिलं, ते कित्येक वृद्धांनी दहा-दहा आठवडे भोगलं.

सहवास होता तिथेही तो पूर्ण पोहोचत नव्हता. मास्कने अर्धा चेहरा झाकला जातो आणि समोरच्याच्या मनातलं वाचताना जास्त चुका होतात, हे त्याच वर्षी जर्मनीत झालेल्या अभ्यासात दिसलं. मास्क गरजेचाच होता, यात मला शंका नाही. तरी त्याची एक किंमत होती, आणि ती मान्य केल्याने मास्कचं महत्त्व कमी होत नाही.

फोनने यातलं किती भरून निघतं? विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी सात ते बारा वर्षांच्या मुलींना आधी थोडा ताण येईल असं काम दिलं आणि मग आईशी संपर्क साधू दिला. फोनवर आईचा आवाज ऐकलेल्या मुलींमध्ये ताणाचं संप्रेरक उतरलं, जवळजवळ आई शेजारी असल्यासारखंच. ज्यांनी आईशी फक्त लिहून संदेशांची देवाणघेवाण केली, त्यांच्यात तसं झालं नाही. शब्द होते, आवाज नव्हता. दूरच्या माणसाची काळजी वाटली तर संदेश पाठवण्याऐवजी फोन लावावा, हे मी यातून शिकलो.

## झोपेचं गणित

झोप उडाली की सावरणं आणखी अवघड होतं. २००७ च्या एका अभ्यासात सुमारे ३५ तास जागं ठेवलेल्या तरुणांना अप्रिय चित्रं दाखवली. नीट झोपलेल्यांच्या तुलनेत त्यांच्या अमिग्डालाचा प्रतिसाद सुमारे ६० टक्के जास्त होता, आणि कपाळामागच्या भागाशी असलेला त्याचा दुवा सैल पडला होता. काळजीने झोप जाते, झोप गेल्याने काळजी वाढते. या चक्रात झोपेच्या बाजूने शिरणं बहुधा सोपं पडतं. ‘काळजी करू नकोस’ हा सल्ला पाळता येत नाही, रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवता येतो.

## दुःखाला जागाच मिळाली नाही

या भागावर मला थोडं थांबावंसं वाटतं. माणूस गेल्यावर लोक जमतात, रडतात, त्याच्या आठवणी सांगतात, कुणीतरी शेजारी नुसतं बसून राहतं. हे सगळं मिळून दुःख सावरण्याचं मोठं सामुदायिक काम असतं. महामारीत अनेक देशांत अंत्यविधीला मोजकीच माणसं येऊ दिली गेली. कित्येकांनी आपल्या माणसाचा निरोप पडद्यावर घेतला, कित्येकांना तोही मिळाला नाही. दवाखान्यात जाताना हात हलवला होता, तेच शेवटचं पाहणं.

पॉलीन बॉस या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास केला होता. जिथे गेलेल्याचं जाणं मनाला पटवून देईल असं काही हाती लागत नाही, त्या वियोगाला त्यांनी ‘संदिग्ध वियोग’ म्हटलं. डोक्याला कळतं, पण दाराशी पाऊल वाजलं की मन अजून उठून बसतं. कोविडमध्ये आपला माणूस गमावलेल्या अनेकांची अवस्था याच्या जवळची आहे.

जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात ‘प्रदीर्घ शोक विकार’ ही नोंद आहे. सहा महिन्यांहून जास्त काळ, त्या समाजात सामान्य मानल्या जाणाऱ्या शोकापेक्षा कितीतरी तीव्र आणि जगणं थांबवणारा शोक असेल, तर तो यात मोडतो. वर्षानंतर आठवण येऊन डोळे भरले तर तो विकार नव्हे. पण कुणी आजही त्या खोलीचं दार उघडू शकत नसेल, तर त्या माणसाला ‘पुरे आता’ म्हणण्याऐवजी मदत मिळवून द्यायला हवी. या दुखण्यावर उपचार आहेत.

## ‘मन घट्ट करायचं, झालं!’

हा सल्ला देणारे बहुतेक जण प्रेमानेच देतात. काही क्षणांपुरता तो उपयोगीही असतो. अतिदक्षता विभागातल्या परिचारिकेने कामाची पाळी संपेपर्यंत रडू रोखलं नसतं तर रुग्णांचं काय झालं असतं? अडचण तेव्हा होते जेव्हा दाबणं ही एकमेव पद्धत होऊन बसते. ग्रॉस यांच्याच प्रयोगांत दिसलं, की भावना दाबणारा बाहेरून शांत दिसतो, पण आतली भावना तेवढीच राहते आणि शरीराचा ताण उलट वाढतो. २००३ च्या एका प्रयोगात तर दाबणाऱ्या व्यक्तीशी गप्पा मारणाऱ्या समोरच्या व्यक्तीचाही रक्तदाब वाढलेला आढळला. एका घरात चार जण एकमेकांसाठी शांत चेहरा धरून बसले असतील, तर घरातली हवा जड का वाटत होती, हे यावरून कळेल.

मग करायचं काय? एक साधी गोष्ट आहे, भावनेला तिचं नाव द्यायचं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतले मॅथ्यू लिबरमन यांनी २००७ मध्ये दाखवलं, की चेहऱ्यावरच्या भावनेला शब्दात नाव दिलं की अमिग्डालाचा प्रतिसाद कमी होतो. आपण सगळं ‘टेन्शन आलंय’ या एका शब्दात कोंबतो. पण धास्ती वेगळी, हुरहुर वेगळी, घालमेल वेगळी. उबग, उद्वेग, चिडचिड, खंत, सगळे वेगळे. धास्तीला माहिती लागते, खंतेला कुणीतरी ऐकणारं लागतं, उबगाला बदल लागतो. नाव नेमकं सापडलं की पुढे काय करायचं हेही अर्धं सापडतं.

## ‘म्हणजे सकारात्मक विचार करा, असंच ना?’

नाही. चौथ्या वाटेचा, म्हणजे अर्थ बदलण्याचा, फायदा होतो हे खरं आहे. महामारीच्या काळातच ८७ देश-प्रदेशांतल्या २१,६४४ लोकांवर याची चाचणी झाली आणि २०२१ मध्ये ती प्रसिद्ध झाली. परिस्थितीकडे दुसऱ्या बाजूने पाहण्याचं थोडंसं मार्गदर्शन दिल्यावर लोकांच्या नकारात्मक भावना कमी झाल्या आणि सकारात्मक वाढल्या. पण यात काय सांगितलं जात होतं ते महत्त्वाचं आहे. ‘सगळं छान आहे’ असं खोटं बोलायला कुणी सांगितलं नव्हतं. ज्या अर्थाला वास्तवाचा आधार आहे, असा दुसरा अर्थ शोधायचा होता. नोकरी गेलेल्याला ‘यातही काही चांगलंच असेल’ म्हणणं म्हणजे त्याचं दुःख नाकारणं. ‘हे तुझ्या चुकीने झालेलं नाही’ हाही अर्थबदलच आहे, आणि तो खरा आहे.

## ‘सगळं जगच मनाने आजारी पडलं का?’

एका जागतिक अंदाजानुसार २०२० मध्ये महामारीमुळे तीव्र नैराश्याचे सुमारे ५.३ कोटी आणि चिंताविकारांचे सुमारे ७.६ कोटी जादा रुग्ण झाले. साधारण चौथ्या हिश्शाने वाढ. स्त्रिया आणि तरुण यांना जास्त झळ बसली. दुसरीकडे, २०२३ मध्ये १३७ अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा बहुतेक गटांत महामारीपूर्वीच्या तुलनेत बदल किरकोळ किंवा थोडाच दिसला. त्यातले बरेचसे अभ्यास श्रीमंत देशांतले होते. पद्धती वेगळ्या, म्हणून उत्तरंही वेगळी. मी या दोन्हींचा एकत्र अर्थ असा लावतो: बहुतेक माणसं डगमगली आणि पुन्हा उभी राहिली. पण ज्यांच्याकडे आधीच वाटा कमी होत्या, लहान घर, तुटपुंजी कमाई, एकटेपणा, जुना आजार, त्यांचं पाणी ओसरलं नाही. सरासरीत ही माणसं दिसेनाशी होतात.

काहींच्या बाबतीत तर विषाणूचाच हात होता. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी कोविड झालेल्या २,३६,३७९ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. सहा महिन्यांच्या आत सुमारे एक तृतीयांश लोकांच्या नोंदींत मेंदूच्या किंवा मनाच्या एखाद्या आजाराचं निदान होतं. त्यातल्या बऱ्याच जणांना असा त्रास आधीपासूनच होता. असं निदान आयुष्यात पहिल्यांदाच झालेल्यांचं प्रमाण सुमारे १३ टक्के होतं.

## ‘साथ संपली, मग अजून का?’

कारण घंटा वाजणं शिकता येतं, आणि ते शिकणं आपोआप पुसलं जात नाही. ज्या गोष्टींशी भीती जोडली गेली, गर्दी, खोकला, रुग्णवाहिकेचा आवाज, त्या पुन्हा पुन्हा आल्या आणि काही वाईट घडलं नाही, तरच मेंदू हळूहळू नवा धडा घेतो. टाळत राहिलं तर तो धडा मिळतच नाही. म्हणून लोकांत जायची भीती वाटणाऱ्याने थोडं थोडं, ओळखीच्या माणसाबरोबर जायला सुरुवात करावी. त्यासाठी त्याला ढकलू नये, सोबत द्यावी.

लहान मुलांचं थोडं निराळं आहे. सावरणं ती मोठ्यांच्या चेहऱ्यावरून आणि इतर मुलांशी भांडून-खेळून शिकतात. ज्यांची ती वर्षं घरात गेली, त्यांना हरणं, वाट पाहणं, रुसवा काढणं यांचा सराव कमी मिळाला. हट्टी म्हणण्याआधी हा हिशेब धरायला हवा. सराव उशिरा मिळाला तरी कामी येतो.

आणि दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर डॉक्टरांना भेटायला हवं. जगणं नको असे विचार येत असतील तर दोन आठवड्यांचीही वाट पाहू नये, त्याच दिवशी कुणाला तरी सांगावं.

## पुढच्या साथीच्या तयारीत हे कुठे बसतं?

रुग्णखाटा, प्राणवायू, लस यांची तयारी करावीच लागेल. पण निर्बंध आखताना आपण लोकांच्या कोणत्या वाटा बंद करतोय आणि त्याबदली कोणती उघडी ठेवतोय, हे विचारणंही त्याच तयारीत यायला हवं. काही ठिकाणी ते उमगलं होतं. २० मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ‘सामाजिक अंतर’ ऐवजी ‘शारीरिक अंतर’ म्हणा, असं सांगितलं. अंतर शरीरांमध्ये ठेवायचं होतं, मनांमध्ये नाही. तोवर जुना शब्द मात्र सगळीकडे रुजला होता.

इंग्लंडमध्ये १३ जून २०२० पासून एकट्या राहणाऱ्या माणसाला दुसऱ्या एका घराशी जोडून घेण्याची परवानगी मिळाली. त्या घरी जाता येत होतं, राहता येत होतं, मिठी मारता येत होती. तिथली टाळेबंदी सुरू होऊन तेव्हा जवळपास बारा आठवडे झाले होते. ही परवानगी पहिल्याच आठवड्यात देता आली असती का, हे साथरोगतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ यांनी एकाच टेबलाशी बसून ठरवायचं आहे, आणि ते पुढची साथ यायच्या आधी.